नमुना चोवीस

प्रताप नगरातल्या आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत दिवस सुरू व्हायचा तो कंपनीच्या बसच्या हॉर्ननं. सव्वासहाला बस कोपऱ्यावर यायची. एक हॉर्न सगळ्यांसाठी आणि दुसरा खास आमच्या बाबांसाठी, कारण बाबा तेव्हा ओट्याजवळ उभ्यानंच भाकरीचा शेवटचा तुकडा रश्शात बुडवत असायचे. आई कावायची, "अजी, ते बस काय तुमच्या मालकीची हाय? जा ना लौकर!" मग बाबा तोंडात घास, एका हातात डबा, दुसऱ्या हातानं खिशातला टेस्टर चाचपत पळायचे. हिंगण्याच्या एका कारखान्यात ते मेंटेनन्सचे इलेक्ट्रिशियन होते. बस गेली की आई दोन मिनिटं दारात उभी राहायची, मग आत येऊन बुद्धवंदना म्हणायची आणि त्यानंतर माझ्या नावानं ओरडायला सुरुवात करायची. मी एकुलती एक, त्यामुळे ओरडा वाटून घ्यायला कोणी नव्हतं.

बाबांचं कारखान्यातलं सगळं शहाणपण घरात यायचं. त्यातलं सगळ्यात मोठं म्हणजे लाल पाटी. कारखान्यात यंत्र दुरुस्तीला घेतलं की आधी त्याचा स्विच बंद करतात, आणि त्यावर लाल पाटी लटकवतात, 'काम सुरू आहे, चालू करू नये'. खाली पाटी लावणाऱ्याचं नाव. ज्यानं लावली त्यानंच ती काढायची, मग समोर मॅनेजर का उभा असेना. एकदा भर मे महिन्यात बाबांनी घरचा कूलर उघडला, अर्धवट ठेवला, स्विचला पाटी अडकवली आणि ड्यूटीवर निघून गेले. आईनं बारा वाजेपर्यंत दम धरला, मग पाटी काढून फेकली आणि कूलर सुरू केला. नुसती मागची जाळीच लावायची राहिली होती, झालं काहीच नाही. पण बाबा तिच्याशी आठवडाभर बोलले नाहीत. "माणूस मरते अशानं," एवढंच ते माझ्याकडे पाहून म्हणाले. आई म्हणाली, "गरमीनंबी मरते." मी दोघांच्या मध्ये बसून वांग्याची भाजी खात होते.

त्यांचा आजार आधी जिन्यावर दिसला. कंपनीत एक मजला चढला की त्यांना बसावं लागायचं. मग हातांवर काळेनिळे डाग आले. आईला वाटलं कारखान्यात काही लागलं असेल, ती हळद लावत राहिली. रक्त तपासलं, मग कमरेच्या हाडातली मज्जा काढून तपासली, आणि डॉक्टरीण बाईंनी समोर बसवून शांतपणे सांगितलं, मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम. रक्ताचा कॅन्सरच समजा, म्हणाल्या, पण अजून हळू चालीचा. तो कधी धावायला लागेल हे सांगता येत नाही, धावू नये म्हणून औषध द्यायचं. दर महिन्याला सात दिवस, पोटाच्या कातडीखाली इंजेक्शन. चार-सहा महिने तरी गुण दिसणार नाही, उलट आधी रक्त आणखी खाली जाईल, घाबरायचं नाही. आईला ते नाव कधीच म्हणता आलं नाही. ती आजही त्याला 'रक्ताचं' एवढंच म्हणते.

आणि मी? मी तेव्हा एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि माझं प्रोजेक्ट नेमकं यावरच होतं. याला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा, मला तर आजही राग येतो. पेशीनं किती वाढायचं यावर पहारा ठेवणारी काही जनुकं शरीरात असतात. कॅन्सरमध्ये ती तुटतात, हे सगळ्यांना माहीत असतं. पण पुष्कळदा ती तुटलेलीच नसतात. अक्षर न् अक्षर शाबूत असतं. फक्त त्यांच्या सुरुवातीच्या भागावर मिथाइल नावाचे बारके रेणू येऊन चिकटतात आणि पेशी ते जनुक वाचणंच सोडून देते. पहारेकरी जिवंत असतो, पण मुका. बाबांना जे इंजेक्शन मिळणार होतं, ते या मुक्या जनुकांना बोलतं करण्यासाठीच होतं. त्या दिवशी घरी आल्यावर मी हे मोठ्या तोऱ्यात सांगायला बसले.

"म्हणजे मशीन खराब नाही?" बाबांनी विचारलं.

"नाही बाबा. मशीन चांगली हाय."

"वायर जळली नाही, फ्यूज उडला नाही, मंग बंद काहून?"

मी मिथाइलचं सांगितलं. बाबा डोळे बारीक करून ऐकत होते. एकदम मांडीवर थाप मारून म्हणाले, "अवं माय! म्हणजे पाटी लावून ठेवली हाय त्याच्यावर! मशीन ओके, पाटी लटकून राहिली, म्हणून कोणी चालू करून नाही राहिलं."

"हाव बाबा, तसंच."

"लावली कोणं पण?"

"ते कोणालेच नीट माहीत नाही."

"बिना नावाची पाटी," बाबा हसले. "आमच्याइकडं असता तं मेमो भेटला असता त्याले." किती दिवसांनी ते हसले होते. आईही हसली, तिला कळलं काही नव्हतं तरी.

आज मी ज्युनिअर कॉलेजात शिकवते, केसांना मेंदी लावते, आणि दरवर्षी हा भाग फळ्यावर काढते तेव्हा पुढचं वाक्य कधीही विसरत नाही. औषध पाटी काढत नाही. पेशी दुभंगते तेव्हा जुन्या पाट्यांची नक्कल नव्या पेशीवर लावणारा एक कारकून पेशीत असतो, औषध फक्त त्याचे हात बांधून ठेवतं. म्हणून प्रत्येक नव्या पिढीत पाट्या कमी होत जातात. औषध थांबलं की कारकून मोकळा, आणि पुन्हा कामाला. हे मला तेव्हाही पाठ होतं, परीक्षेत मी दोन पानं लिहून आले होते. पण बाबांना त्या पाटीचा इतका आनंद झाला होता की माझ्यानं पुढचं बोलवलं नाही. उद्या सांगू म्हटलं.

पहिले तीन महिने आठवले की अजून अंगावर काटा येतो. सुया घेऊन पोटावर लाल चकंदळं उठलेली, ओकाऱ्या, ताप, दर पंधरा दिवसांनी रक्ताची पिशवी. डॉक्टरीण बाईंनी कच्चं काही खायचं नाही म्हणून बजावलं होतं. आमच्याकडे तर भाकरीबरोबर फोडलेला कांदा आणि वरून मूठभर चिरलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर, नसेल तर जेवण झालंच नाही असा कारभार. आईनं पाटा धुऊन भिंतीला उभा करून ठेवला आणि सगळं उकडायला लागली. पाणी उकळलेलं, ताट उकळत्या पाण्यातून काढलेलं, ठेचासुद्धा तिनं वाफवला. बाबा ताटाकडे बघून म्हणायचे, "ऐकलं का वं, मलेबी एक शिटी देऊन टाक कुकरमध्ये." आई तोंडाला पदर लावून मागच्या न्हाणीत जायची. ती हसायला जायची की रडायला, हे मी कधी जाऊन पाहिलं नाही.

चौथ्या महिन्यात रक्ताची पिशवी लागली नाही. पाचव्यात बाबा कोपऱ्यापर्यंत चालत गेले आणि सव्वासहाच्या बसला हात करून आले. डॉक्टरीण बाई खूश होत्या, पण म्हणाल्या, असंच सुरू ठेवायचं, थांबायचं नाही. बाबांनी मान डोलावली. घरी येताना रिक्षात मला हळूच म्हणाले, "तुह्या कॉलेजच्या मशीनीत पाहून सांग ना माय, पाटी निघाली का?"

पहिलं इंजेक्शन मिळायच्या आधीच, मी नर्सताईंकडून कॉलेजसाठी म्हणून बाबांच्या रक्ताची एक जादा नळी मागून घेतली होती. माझ्या गाइड मॅडमना न विचारता. माझ्या नमुन्यांच्या डब्यात तो नमुना अकरा होता. आता पाचव्या महिन्यानंतरचा हा नमुना चोवीस. रीत सांगायला सोपी आहे. रक्तातल्या डीएनएवर एक रसायन टाकलं की मिथाइल नसलेलं अक्षर बदलतं, मिथाइल असलेलं तसंच राहतं. मग दोन नळ्या करायच्या. मिथाइल असेल तर 'एम' नळीतला डीएनए वाढतो, नसेल तर 'यू' नळीतला. शेवटी जेलवर टाकून दिव्याखाली बघायचं, कुठल्या घरात नारिंगी पट्टी चमकते. नमुना अकराच्या वेळी 'एम'च्या घरात ठळक पट्टी होती. त्या दुपारी मी काळ्या पडद्यामागे एकटीच होते, बाहेर कूलरची घरघर. दिवा लावला. चोवीस नंबरच्या 'यू' घरात लखलखीत पट्टी, आणि 'एम'चं घर रिकामं. संपूर्ण रिकामं. मी तिथंच नाचले. खोटं कशाला सांगू, चष्म्यासकट नाचले. मग बाहेर येऊन फोन लावला.

"निघाली बाबा."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "पक्कं?"

"पक्कं."

"वा रे माही पोट्टी," बाबा म्हणाले.

मे महिन्यात बाबांच्या कारखान्याचा वार्षिक शटडाऊन असायचा. सगळा प्लांट थंड करून एकेक यंत्र उघडायचं, आठ-दहा दिवस. पंचवीस वर्षांत बाबा नाहीत असा एक शटडाऊन झाला नव्हता. सहाव्या महिन्याची इंजेक्शनं नेमकी त्याच आठवड्यात आली. साहेबांनी निरोप पाठवला होता की तुम्ही येऊ नका, तब्येत सांभाळा. बाबांनी तो निरोप घरात कोणाला सांगितला नाही. मला मात्र म्हणाले, "पाटी निघाली ना आता? लाइन चालू झाली ना? मंग चालू मशीनीले पुन्हा उघडाचं काहून? शटडाऊन झाल्यावर घेऊ सुया." मी म्हणायला हवं होतं की बाबा, तसं नसतं. कारकुनाचं सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "डॉक्टरले विचारून घ्या एकदा." ते म्हणाले, विचारतो. मी त्यांच्यावर सोडलं आणि माझा प्रबंध टाइप करायला बसले. आईला त्यांनी सांगितलं, कंपनी सोडून नाही राहिली.

शटडाऊनच्या तिसऱ्या दिवशी मॅडम माझे जेलचे फोटो बघत होत्या. नमुना चोवीसवर त्यांचं बोट थांबलं. कोणाचा नमुना, हे त्यांना माहीत नव्हतं. "यात एमचा पॉझिटिव्ह कंट्रोल कुठंय?"

मिथाइल असल्याची खात्री असलेला डीएनए दर वेळी शेजारी लावायचाच असतो. त्याची पट्टी आली तर समजायचं की 'एम' नळी काम करते आहे. आमचा कंट्रोल त्या आठवड्यात संपला होता. मला घाई होती. "संपला होता मॅडम," मी म्हटलं.

"मग हे घर रिकामं आहे एवढंच. मिथाइल नाही म्हणून रिकामं की तुझी एम नळी चाललीच नाही म्हणून, हे कोण सांगणार? काढून टाक हा फोटो." एवढं बोलून त्या पुढच्या पानावर गेल्या.

मी स्कूटी काढली आणि रणरणत्या उन्हात, तोंडाला ओढणी गुंडाळून, हिंगण्याला गेले. गेटवरच्या शिपायानं आत निरोप दिला. वीस मिनिटांनी बाबा आले, पिवळं हेल्मेट, खाकी शर्ट, कपाळावर काजळीचा पट्टा. आणि चेहरा काय सांगू! सहा महिन्यांत मी तो चेहरा पाहिला नव्हता. "काहून आली वं एवढ्या उन्हात? आई बरी हाय ना?" म्हणत त्यांनी मला झाडाखाली ओढलं, आपल्या बाटलीतलं पाणी दिलं. मग सांगायलाच लागले. मोठ्या मोटारीच्या पॅनलमधला बिघाड त्यांनी एकट्यानं शोधून काढला, नवी पोरं दोन दिवस चाचपडत होती. साहेब स्वतः येऊन हात मिळवून गेले. "त्यायले वाटलं बुढा आता कामाचा नाही. दाखवून देल्लं."

"बाबा, ते टेस्ट पुन्हा करावं लागते," मी म्हटलं.

"करू ना माय. शटडाऊन संपला की करू."

"तसं नाही, बाबा..."

आतून कोणीतरी त्यांचं नाव घेऊन हाक मारली. बाबांनी हात वर केला. माझ्या डोक्यावरची ओढणी नीट केली, "सरळ घरी जाजो, ऊन लागन," म्हणाले, आणि जवळजवळ धावत आत गेले. मी त्यांना हाक मारू शकत होते. गेट उघडं होतं. शिपाई माझ्याकडेच बघत होता. मी नाही मारली. त्या माणसाच्या तोंडावरून ते हसू पुसायची माझ्यात हिंमत नव्हती, बस, एवढंच. मोठं कारण काही नाही.

शटडाऊननंतर अंगात जोर आहे म्हणून बाबांनी जूनही टाळला. मी रोज सांगायची, नुसतं "सुया घ्या बाबा" एवढंच, कारण न देता. कारण सांगितलं असतं तर घ्यायला गेले असते. जुलैत इंजेक्शनं पुन्हा सुरू झाली तेव्हा डाग परत आले होते. पोळ्याच्या सुमारास ताप आला तो उतरेना. पुन्हा कमरेत सुई, पुन्हा रिपोर्ट. आजार धावायला लागला होता. डॉक्टरीण बाईंनी फाइल उलटून विचारलं, "मधे दोन महिन्यांची गॅप का पडली?"

खोलीत आई होती, मी होते. बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. भिंतीवरच्या पंख्याच्या रेग्युलेटरकडे बघत म्हणाले, "मॅडम, कंपनीनं सुट्टीच देल्ली नाही."

आईचा जो भडका उडाला तो दवाखान्याच्या दारातच. कंपनीच्या सात पिढ्या तिनं काढल्या. बाबांच्या लाइनवरचे मेश्राम काका भेटायला आले तर त्यांच्यावरच तुटून पडली. काका बिचारे गोंधळले, "पण वहिनी, साहेबानं तं सोताहून सांगतलं होतं का येऊ..."

"जाऊ दे गा मेश्राम," बाबा मधेच म्हणाले. "चाय घे." काकांनी एकदा बाबांकडे पाहिलं आणि मुकाट्यानं चहा घेतला.

मी डॉक्टरीण बाईंना एकटी गाठून विचारलं की त्या गॅपमुळेच झालं का. त्यांनी पेनचं टोपण लावलं. म्हणाल्या, थांबवल्यामुळेच झालं असं मी म्हणू शकत नाही, न थांबवता काहींचं असंच होतं. आणि थांबवलं नसतं तर झालंच नसतं का, तेही सांगता येत नाही. मला कोणीतरी हो म्हणायला हवं होतं नाहीतर नाही. मला आजपर्यंत दोन्हींतलं एकही मिळालं नाही, आणि आता या वयात मी विचारणं सोडलंय.

आई डबा आणायला घरी गेली होती त्या दुपारी मी बाबांना सगळं सांगितलं. कारकुनाचंही सांगितलं, जे पहिल्याच दिवशी सांगायचं होतं. मग कंट्रोलचं. मला वाटलं होतं तेवढं त्यांना समजावून द्यावं लागलं नाही. ओठ सोलपटलेले, आवाज खोल गेलेला, पण शिकवायची सवय जात नाही. म्हणाले, "टेस्टर आधी चालू लाइनीले लावून पायचा असते माय. बत्ती लागली तं टेस्टर चांगला. मंग बंद लाइनीले लावाचा. नाही तं टेस्टरच खराब राहते अन् माणूस समजते का लाइन बंद हाय. शिकवलं नाही काय मी तुले?"

"शिकवलं होतं बाबा." शिकवलं होतं. मी दहा वर्षांची होते, आमच्याच व्हरांड्यात.

मी रडत होते तर बाबा म्हणाले, "नाक पूस. आई येऊन राहिली असन." मग थोड्या वेळानं, "तिले सांगू नको हे. तिले कंपनीवर राग हाय ते बरं हाय. कंपनीले काही होत नाही." त्यानंतर या विषयावर ते बोलले नाहीत, आणि दिवाळीच्या आधीच गेले.

आई आता थकली आहे. माझ्याकडेच असते. बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून मी लिहीत असलेल्या आठवणींचं एकेक प्रकरण तिला वाचून दाखवावं लागतं, नाही तर रुसते. माझ्या शाळेचं ऐकून ती पोटभर हसली होती. हे प्रकरण मी बरेच दिवस टाळत होते. काल तिनं पलंगावर उशी टेकवून घेतली आणि म्हणाली, "वाच." मी बसच्या हॉर्नपासून वाचलं. कूलरची भानगड ऐकून ती म्हणाली, "गरमी किती होती ते लेह." बाबांच्या सुया, उकडलेला ठेचा, सगळं ऐकलं. पाचव्या महिन्यात बाबा कोपऱ्यापर्यंत चालत गेले, तिथं मी थांबले. पुढची पानं हातातच होती.

आई डोळे मिटून होती. मग म्हणाली, "कंपनीनं सुट्टी देल्ली नाही, ते लेहलं का?"

"लेहलं आई," मी म्हटलं.

"नीट लेह ते," ती म्हणाली, आणि कुशीवर वळली.